पाच भोकांचा मॉनिटर

चुकीच्या लाल रंगात छापलेले कापडाचे तीन तागे.

मागे पाच गोल भोकं असलेला एक अवजड मॉनिटर.

आत्याची पोहायला जायची पिशवी. दाराशी, पंधरा दिवस न उघडलेली.

आत्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासणारी.

"या चारही गोष्टी एकाच दोरीला बांधल्यात!" वही नंतर म्हणाली. दिसेल ते वहीत टिपायची, म्हणून तिचं नावच वही. तिचा भाऊ फ्यूज, कारण तो जरा काही झालं की उडायचा. आणि शेजारची मुंगी, तिघांत लहान.

आत्या कापड छापायच्या कारखान्यात रंग जुळवायची. गिऱ्हाईकाने दिलेला तुकडा बघायचा, कॉम्प्युटरवर तोच रंग तयार करायचा, मग छपाई. एकोणीस वर्षांत एकही चूक नाही. आणि आता पंधरा दिवसांत तीन ताग्यांचा लाल चुकला! "बाई, नजर गेली तुमची," मॅनेजरसाहेब म्हणाले. सोमवारपासून आत्याच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी.

"आत्या, नवा कॉम्प्युटर कधी आला?" वहीने विचारलं.

"पंधरा दिवस झाले. मॉनिटरही नवा. जुना मेला म्हणे."

"आणि तुझी नजर बरोब्बर त्याच दिवशी गेली?"

आत्याच्या हातातलं पातेलं थांबलं.

आत्या कामावर गेली. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिघं आत्याचा 'विसरलेला' डबा घेऊन कारखान्यात शिरले. अडगळीच्या खोलीत जुना मॉनिटर होता. त्यावर चिठ्ठी : बंद. मुंगीने वायर भिंतीत खुपसली.

टप्प! हिरवा दिवा.

"मेलेल्याचा दिवा लागतो?" फ्यूज ओरडला.

"हळू! मागे बघ. पाच गोल भोकं. नव्या कॉम्प्युटरला एकच चपटं, पंधरा छिद्रांचं," वही म्हणाली. "जोडायची वायर जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली. कारखान्यातल्या मेकॅनिककाकांना वायर मिळेना, म्हणून चिकटवली चिठ्ठी!"

"मग आपण वायर करू," मुंगी म्हणाली.

"केव्हा? भंगाराचा ट्रक फाटकात उभा आहे!"

फाटकावर एक दादा कॅमेरे बसवत होता. त्याच्या खोक्यात गोल पिना ढीगभर. "पाच घ्या," तो म्हणाला, "आणि ही घ्या तारांना डाख द्यायची सोल्डरिंगची गन. पण लावता-काढताना आधी बटण बंद! बोट भाजलं तर माझं नाव सांगू नका."

मॉनिटर कापडाच्या ढकलगाडीवरून आत्याच्या टेबलाशी. एक जुनी चपटी वायर मधोमध कापली. आत केसासारख्या वायरी. कुठली कुठे जाते? टॉर्चचा बल्ब, एक सेल. बल्ब पेटला की जोडी जमली. लाल, हिरवा, निळा, आणि चित्र स्थिर धरणाऱ्या दोन.

वहीतून :

१.०५. चित्राच्या चिंध्या. शेवटच्या दोन वायरी उलट लागल्या.

१.१२. चित्र स्थिर, पण सगळं पिवळं. निळी सुटली.

१.१६. मुंगीचं बोट भाजलं. दादाचं नाव सांगितलं नाही.

१.१९. फ्यूज उडाला. (भाऊ.)

१.२४. चित्र!!!

"हा काय पोरखेळ?" दारात मॅनेजरसाहेब, मागे मेकॅनिककाका.

"काका, हा बंद आहे ना?" मुंगी गोड आवाजात म्हणाली. "मग बंदच राहायला सांगा की त्याला!"

पडद्यावर फुलांची नक्षी लखलखत होती. काका चष्मा पुसू लागले.

"झकास दिसतंय की!" साहेब म्हणाले.

"झकास नाही," जेवून परतलेली आत्या म्हणाली. "लाल कमी आहे."

"आत्या! आत्ता नको ना!" फ्यूज कुजबुजला.

"मला तर ठीक वाटतंय," काका.

"बघा! हेच म्हणतो मी. नजर!" साहेब.

फाटकातून ट्रकचा हॉर्न. आत्या पडद्यावरून नजर काढेना. "थोडाच. पण कमी आहे."

मुंगीने बटण बंद केलं, लाल वायरीची पिन उघडली आणि बघतच राहिली. सात तारांपैकी दोनच टेकलेल्या! पाच नुसत्या हवेत. तिने भाजलेलं बोट दूर धरून टाका मारला. बटण चालू.

लाल भरून आला. या वेळी तो सगळ्यांना दिसला.

"अरे!" काका म्हणाले.

आत्या खुर्चीत बसली. गिऱ्हाईकाचा तुकडा डावीकडे, माऊस उजव्या हातात. दहा मिनिटं. नमुना छापून आला. साहेबांनी तो मूळ तुकड्यावर ठेवला, खिडकीशी नेला, उलटा केला, परत आणला. कड कुठे आहे ते त्यांना बोटाने चाचपून बघावं लागलं.

"बाई... सोमवारी..."

"सोमवारी मी येणार आहे. याच खुर्चीत, याच मॉनिटरसमोर."

"हो हो! अर्थात!" साहेब तिघांकडे वळले. "आणि तुम्ही! आमच्या सगळ्या मेकॅनिकांच्या तोंडात मारलीत! शाबास!"

"चुकलंच माझं," काका म्हणाले, आणि चिठ्ठी स्वतः खरवडून काढली. ट्रक रिकामा गेला.

पंधरा दिवसांपूर्वी नवा मॉनिटर बसवला, त्या दिवशी आत्या रजेवर होती. पोहायला गेली होती.