नको म्हणणारी जागा

गजर वाजला आणि वृंदा गोठणकर उठून बसली. 'अजून पाच मिनिटं' किंवा 'आज राहू दे' असं काही मनात आलं नाही. उजव्या कानामागच्या नखाएवढ्या चकतीवर तिने बोट दाबून पाहिलं, सायकल जिन्यावरून खाली उतरवली आणि ती बहादूरशेख नाक्याकडे निघाली. तिथे जमलेल्या सायकल मंडळातल्या बऱ्याच जणांच्या कानामागे तशीच चकती होती. इतक्या पहाटे कसे काय उठता, असं चिपळुणात आता कुणी कुणाला विचारत नसे.

वर्षापूर्वी वृंदा, शिकवायची त्या शाळेतून रजा घेऊन, घरी पडून होती. काय झालंय म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. फक्त पलंगावरून पाय खाली टाकायचा म्हटलं की अंगात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. वजन वाढलं, साखर वाढली, गुडघे सुजले. शमीम मुकादम ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. गोवळकोटला राहायची, औषधांचं दुकान चालवायची. ती रोज सकाळी येऊन पलंगाशी बसायची. "चल गं, नदीपर्यंत जाऊन येऊ." वृंदा म्हणायची, "उद्या." शमीम दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

शेवटी तिनेच वृंदाला डॉक्टर सबनीसांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "कष्टाचं काम समोर आलं की मेंदू आधी तोलून बघतो. त्रास किती, फळ किती. तुमच्याकडे त्रासाचं पारडं कायमच खाली जातंय. ही चकती कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूतल्या नेमक्या ठिकाणी सोडते. नको म्हणणारी जागा शांत होते."

यंत्राचं खरं नाव नकारशामक. लोक नुसतं चकती म्हणत. ती लावल्याच्या दुसऱ्या दिवशी वृंदा नदीपर्यंत चालत गेली. मग धावायला लागली, मग सायकल घेतली. गुडघ्यांची सूज उतरली, साखर उतरली. ती शाळेत परतली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली. आपल्याला आनंद झाला का, हे तिने शोधून पाहिलं. सापडला नाही. पण त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग सायकल मंडळाने दुहेरी घाटाची मोहीम काढली. एका दिवसात कुंभार्ली घाट दोनदा चढायचा. वृंदाने लगेच नाव दिलं. शमीमनेही दिलं.

"तू तरी चकती लाव," वृंदा म्हणाली.

"नको बाई. माझा आळस माझ्याजवळ असू दे. त्याला शिव्या घालत चढेन मी."

पहिली चढण दोघींनी बरोबर पार केली. शमीम खरोखरच शिव्या घालत होती आणि मधूनच हसत होती. दुसऱ्या खेपेला पायथ्याचं पोफळी गाव मागे पडल्यावर तिचं बोलणं थांबलं. एका वळणावर ती उतरली आणि कठड्याला टेकून बसली.

"हात भरून आलाय," ती म्हणाली. "दमलेय नुसती. तू हो पुढे."

वृंदाने तिच्याकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. ढगांमुळे ऊन नव्हतं तरी कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डावा हात तिने छातीशी धरला होता. वृंदाला सगळं स्वच्छ दिसलं.

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

घाटमाथ्यावर तिच्या गळ्यात पदक घातलं गेलं. फोटो काढले. तेवढ्यात अनंतचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला. एका टेंपोवाल्याने शमीमला चिपळूणला दवाखान्यात पोचवलं होतं. हृदयविकाराचा झटका होता. "तू तिच्याबरोबर नव्हतीस?" अनंतने विचारलं.

"होते," वृंदा म्हणाली.

दोन दिवसांनी भेटायची परवानगी मिळाली. शमीमचा आवाज खोल गेला होता. "एवढ्या वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस. आणि जा म्हटलं तर गेलीस?"

"मला दिसलं होतं, शमीम. तुझा चेहरा दिसला होता."

"मग?"

"मग काही नाही. थांबावंसं वाटलं नाही."

शमीमने मान भिंतीकडे वळवली.

वृंदा तिथून थेट डॉक्टर सबनीसांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्याचा त्रास पाहून आपल्याला जो त्रास होतो, तोही बहुतेक त्याच पारड्यात पडत असावा," ते म्हणाले. "आम्ही तपासलं ते माणसं उठतात का, चालतात का, एवढंच."

"जोर कमी करता येईल?"

"कमी केला तर तुम्हाला उठवण्याइतका उरणार नाही. काढून टाकली तर महिन्याभरात तुम्ही पूर्वीसारख्या व्हाल. तुम्हीच ठरवा."

वृंदाने चकती तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या काढली आणि पर्समध्ये टाकली.

पहिला आठवडा बरा गेला. मग जडपणा आला, आधी पावलांत, मग मांड्यांत. एका दुपारी भाजी चिरताना शमीमचा तो राखेसारखा चेहरा डोळ्यांपुढे आला. सुरी तशीच टाकून वृंदा जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. अनंत धावत आला.

शमीम घरी आली. रोज थोडं चालायचं, पण एकटीने नाही, असं तिला बजावलं होतं. तिने वृंदाला फोन केला. त्या दिवसानंतरचा हा पहिलाच. "उद्यापासून येशील? दुसरं कुणी नकोय मला."

"येईन," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. वृंदा जागी होती. एक पाय खाली टेकलेला, दुसरा पांघरुणात. नको, नको, असं सगळं अंग म्हणत होतं, आणि त्याखाली कुठेतरी शमीमसाठी जीव तुटत होता. दोन्ही एकाच जागेतून येत होतं. चकती लावली तर ती नक्की गोवळकोटला पोचेल, शमीमच्या शेजारून चालेलही. पण वाटेत शमीमचा श्वास अडखळला, तर?

अनंत चहा घेऊन आला. तिच्याकडे बघत दारातच थांबला. मग त्याने टेबलावरची पर्स उघडून चकती बाहेर काढली.

"ती वाट बघत असेल गं," तो हळूच म्हणाला. "लावून देऊ का?"