त्र्यंबकरावांच्या नावापुढचा शब्द

दार लोटून घ्या आणि जवळ सरका. हे आमच्या यज्ञेश्वरच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

एकोणीसशे एकतीस साल. यज्ञेश्वर सोलापूरला कचेरीत कारकून होता. घराण्याची वंशावळ छापायचं त्याच्या मनात होतं. उपाध्यांच्या वहीत चुलत आजोबांची नोंद सापडली : त्र्यंबक, अविवाहित, निधन शके १८११. पण माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच त्र्यंबकरावांचं जेऊरहून आलेलं पत्र निघालं. शके १८२० चं! गेलेला माणूस नऊ वर्षांनी पत्र कसं लिहील?

म्हणून कार्तिक वद्य चतुर्दशीला तो सकाळच्या गाडीने जेऊरला गेला. विचारत विचारत सोजरबाई नावाच्या सत्तरीच्या म्हातारीपर्यंत पोचला आणि वहीतली नोंद तिला सांगितली.

"बिनलग्नाचं?" म्हातारी उसळलीच. "माज्या थोरल्या भणीचा नवरा हुता की त्यो! मायाक्काचा. देवाम्होरं माळा घातल्या दोगांनी. परजातीत लगीन केल्यालं तुमच्या आज्याला कळलं, तवा त्यानं जित्या भावाचं सराद घातलं. त्येच सालाला मेला म्हून लिवलं आसंल."

यज्ञेश्वरने मायाक्काचं नाव टिपून घेतलं.

"दोगंबी हितंच गेली. तुमच्यातलं कुनी आलं न्हाय." तिने त्याचा हात धरला. "आता तरी खरं लिवा, बाबा."

"लिहितो, आजी."

घरी परतला तेव्हा आठ वाजले होते. बायकोला, सरोजिनीला, त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "प्रभाची सोयरीक जुळत आलीय. हे छापलंत तर आपल्या मुलीला कोण करून घेईल?"



मायलेकी आत निजल्या. नऊचा सुमार. बाहेरच्या खोलीत कंदिलापाशी तो एकटाच. टाक उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

त्र्यंबकरावांच्या नावापुढे लिहिलं... अविवाहित.

बाहेर कडी वाजली.

"कोण?"

काही नाही.

पुन्हा वाजली. हळूच.

"कोण आहे?"

"यज्ञेश्वर..." पुरुषाचा आवाज. म्हातारा. दमलेला. "दार उघड रे. आम्ही दोघं आहोत."

दोघं...

बांगड्या किणकिणल्या. दाराला अगदी लागून.

तो उठला नाही. कंदील फडफडला... विझला. नंतर नुसता अंधार.

पहाटे सरोजिनीने हाक मारली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. दाराची आतली कडी जशीच्या तशी लावलेली.

आणि उंबऱ्याच्या आत एक लाकडी माप लवंडलेलं होतं. नवी नवरी पायाने लवंडते, तसं. तांदूळ घराकडे सांडलेले.

तसलं माप त्यांच्या घरात कधी नव्हतंच.