मी सांगेपर्यंत सोडायचं नाही

दुपारी तीनच्या सुमाराला मेकॅनिकने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि भावाच्या पिकअपकडे वळला. बाहेर आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे आत भर दुपारी अंधार. गाडी वीस वर्षांची. उतारावरून खड्ड्यात गेली तरी तिचं फक्त तोंड चेपलं होतं. भाऊ मात्र गेला. आज त्याला एकविसावा दिवस.

गाडीच्या मागे, दाराजवळच्या बाकावर वहिनी बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती.

"भावोजी, लोक म्हणतात यांना झोप लागली. गाडी चालवताना डुलकी काढणारे नव्हते हो हे. मला एवढंच सांगा, ब्रेक लागत होता ना?"

"बघतो, वहिनी."

बघायचं काय होतं? त्याला आधीच अंदाज आला होता. महिन्यापूर्वी भाऊ म्हणाला होता, "पेडल आधी घट्ट लागतं रे, मग पाय आपोआप खाली जातो." तेव्हा गॅरेजमध्ये तीन गाड्या खोळंबल्या होत्या. "हवा धरली असेल," म्हणून यानं विषय संपवला आणि दोघांनी मिळून ब्रेकमधली हवा काढली. या कामाला दोघं लागतात. भाऊ वर पेडलवर, हा खाली चाकापाशी पाना घेऊन. "दाब... धर... सोड." मध्येच पाय उचलला तर हवा परत आत शिरते, म्हणून मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, अशी याची ताकीद. थोरला असूनही भाऊ ती मुकाट पाळायचा. "पाय गळून पडला तरी सोडत नाही, साहेब," म्हणत हसायचा.

आज त्याने सगळं नीट पाहिलं. तेव्हा पाहायला हवं होतं, तसं. चारही चाकं आतून कोरडी. नळ्या कोरड्या. बाटलीत ब्रेकचं ऑइल भरलेलं. मग तो सीटवर बसला आणि पेडल दाबून धरलं. घट्ट लागलं. दहा आकडे मोजेपर्यंत पाय हळूहळू खाली गेला, पार तळाला टेकला. बाहेर थेंब गळत नाही आणि पेडल बसतं, म्हणजे ब्रेकला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं. नवशिक्यालाही कळलं असतं.

तो उतरला, दार लावलं आणि हात पुसत वहिनीसमोर उभा राहिला.

"ब्रेक ठणठणीत आहे, वहिनी. दादाला... डुलकीच लागली असेल."

वहिनीने मान खाली घातली. त्याच क्षणी तिच्या कपाळावर लाल उजेड पडला.

पिकअपचे मागचे दिवे लागले होते. ब्रेक दाबला की लागतात ते.

"भावोजी... आत कोण बसलंय?"

त्याने काचेतून पाहिलं. सीट रिकामी. पेडल मात्र तळाला टेकलेलं. त्याने धावत जाऊन बॅटरीची तार उपसली. दिवे तसेच.

"सोड," तो पुटपुटला. "दादा, सोड..."

उजेड हलला नाही. तेव्हा त्याने सगळं ओकून टाकलं. भावाची तक्रार, आपली घाई, आतलं रबर, आत्ताचं खोटं. "तो जागाच होता, वहिनी. त्याने ब्रेक दाबला होता. मी मारलं त्याला."

वहिनी उठली, गाडीचं दार उघडलं, आणि नवऱ्याला उठवायला जावं तशी हळूच वाकली.

"अहो... सांगितलंय त्यांनी. सोडा आता."

तिने पेडलच्या कडेला बोटं अडकवून ते वर उचलायला पाहिलं. मग हात तसाच ठेवून ती रडायला लागली.

"उचलत नाहीये, भावोजी... आणि थरथरतंय."

त्याने वाकून हात लावला. खूप वेळ जोर लावून धरलेला पाय थरथरतो, तसं पेडल थरथरत होतं. दादा अजून त्या उतारावरच ब्रेक दाबून होता.