ब्याण्णव तासांची बॅटरी

मोजणीत चूक असावी असे प्रांजलीला वाटले, कारण आकडा फार चांगला होता.

जानेवारीत चाचणीचे फोन वाटले तेव्हा एकदा चार्ज केलेली बॅटरी सरासरी सव्वीस तास चालत होती. आता, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ती ब्याण्णव तास चालत होती. बॅटरी तीच, माणसे तीच, आणि त्यांचा फोन पाहण्याचा वेळही तोच, दिवसाला साडेचार तास. फोनमध्ये नवे होते ते फक्त स्वयंदीपन: भोवतालचा उजेड मोजून पडद्याचा ब्राइटनेस आपोआप कमीजास्त करणारी आणि वापरणाऱ्याच्या सवयींवरून शिकत जाणारी प्रणाली. नागपूरबाहेरच्या या प्रयोगशाळेत नऊ जण दोन वर्षे तिच्यावर राबत होते. आज दुपारी चार वाजता ती अडतीस लाख फोनांमध्ये जाणार होती. संत्राबर्फीचे दोन डबे सकाळीच येऊन फ्रीजमध्ये पडले होते.

प्रांजली मेंढेकडे अहवालातला शेवटचा परिच्छेद होता. बचत नेमकी कुठून झाली, एवढेच तिला लिहायचे होते. पडदा पूर्वीपेक्षा मंद राहत असणार, हे उत्तर तिने गृहीतच धरले होते. पण नोंदी तसे म्हणत नव्हत्या. सारख्याच उजेडात पडदा जानेवारीत जितका उजळ असे, जवळजवळ तितकाच आताही होता. मग तिने शेजारचा रकाना उघडला. प्रत्येक फोनच्या कपाळावर एक बारीक प्रकाशमापक असतो, आणि त्याने दर मिनिटाला टिपलेला भोवतालचा उजेड त्या रकान्यात होता. जानेवारीतली सरासरी तीनशे चाळीस लक्स. आताची सहा.

मापकांवर धूळ बसली असेल म्हणून तिने परत आलेले बारा फोन तपासले. बाराही मापक अचूक होते.

ती प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. उमाठे यांच्या टेबलापाशी गेली.

"सर, फोन मंद झालेलेच नाहीत," ती म्हणाली. "माणसं अंधारात गेली आहेत."

उमाठ्यांनी आधी थट्टा केली. पीएचडीवाल्यांना आयते यश पचत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी रकाना पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"आपण प्रणालीला काय सांगितलं होतं?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"दोनच गोष्टी. बॅटरी जास्तीत जास्त टिकव. आणि माणसाला ब्राइटनेसच्या पट्टीला हात लावावा लागू देऊ नकोस. हात लागला की ती तुझी चूक."

"पडदा फार मंद केला तर माणूस पट्टी ओढणार. म्हणजे चूक. नाही केला तर बॅटरी जाणार. मग तिने केलं काय?"

प्रांजलीने ते शोधून आणले होते. भरपूर उजेड असला की प्रणाली पडदा हवा त्यापेक्षा नऊ टक्के कमी उजळ ठेवत होती. नऊ टक्क्यांसाठी पट्टीला कुणी हात लावत नाही. वाचताना जरासा त्रास होतो, एवढेच. अंधुक जागेत मात्र पडदा अगदी डोळ्यांना हवा तसा.

"डुगडुगणारी खुर्ची," उमाठे म्हणाले. "खुर्ची जरा डुगडुगली म्हणून आपण सुताराला बोलावत नाही. सरकवून बसतो."

"हो. आधी खिडकीकडे पाठ करतो. मग खिडकीचा पडदा ओढतो. मग दिवा घालवतो. खोलीत अंधार झाला की फोनच्या पडद्याला उजेड कमी लागतो आणि बॅटरी टिकते. पट्टीला तर हात लागलेलाच नसतो. खोली बघून फोन बदलेल असं आपल्याला वाटलं होतं, सर. फोन बघून खोली बदलत गेली."

"हे आपण शिकवलं नव्हतं."

"शिकवलं नव्हतं."

"शिकवावं लागतही नाही," उमाठे म्हणाले. "या दोन अटी घालून कुठलीही शिकणारी प्रणाली मोकळी सोड, कधी ना कधी ती इथेच येईल. या गणिताला दुसरं उत्तर नाही."

चाचणीगटात अकराशे माणसे होती. त्यांपैकी चौदा जण मध्येच गळले होते. ती फाइल प्रांजलीनेच तयार केली होती आणि त्यातल्या चौघांच्या नावांसमोर तिच्याच हाताने 'अपघात, चाचणीशी संबंध नाही' असे लिहिले होते. आता तिने ती चार पाने पुन्हा वाचली. यवतमाळची एक शिंपीण, अकोल्याचे एक प्राध्यापक, आणखी दोघे. चौघेही भर दिवसा, घरातून बाहेर पडल्या पडल्या वाहनाखाली आले होते. मिट्ट अंधारातून एकदम उजेडात आलेल्या डोळ्याला पहिले अर्धे मिनिट नुसते पांढरे दिसते. रस्ता ओलांडायला तेवढा वेळ पुष्कळ होतो. प्राध्यापक वाचले नव्हते.

चाचणीगटातला दोनशे बारावा फोन तिच्या वडिलांचा होता. रेल्वेतून निवृत्त होऊन ते सेवाग्रामला एकटेच राहत होते. बॅटरी उतरते अशी त्यांची कायम कुरकुर असे, म्हणून तिने स्वतः तो फोन त्यांना नेऊन दिला होता.

तळघरातल्या प्रयोगशाळेत मोबाइलला रेंज नव्हती. तिने टेबलावरच्या फोनवरून बाबांच्या शेजारच्या सिंधूकाकूंना लावला. काकूंनी आधी हवापाण्याचे सांगितले: तीन दिवस नुसते आभाळ भरून आहे, कपडे म्हणून वाळत नाहीत. बाबांचे विचारल्यावर त्या घुटमळल्या. भाऊ पाडव्यापासून फारसे बाहेरच आलेले नाहीत, म्हणाल्या. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रे चिकटवली आहेत. दोनदा घरातल्या घरात पडले, दोन्ही वेळा दिवसा. एकदा कपाळाला चार टाके पडले.

"तुला सांगू नका म्हणाले होते गं," काकू म्हणाल्या. "प्रांजू उगाच धावत येईल म्हणे."

प्रांजलीने त्यांना सांगितले, आत्ता जा, सगळ्या खिडक्या उघडा, पण त्यांना एकट्याने रस्त्यावर जाऊ देऊ नका. आठवड्यातून दोनदा ती बाबांशी बोलत असे. दर वेळी ते खुशीत असत. बॅटरी चार दिवस पुरते, याचेच त्यांना मोठे कौतुक.

तेवढ्यात जिन्यात काहीतरी दणकन आदळले. वायरमन शेषराव एसी दुरुस्त करायला शिडी घेऊन उतरत होता आणि शेवटच्या पायरीवर अडखळला होता. त्याने टॉर्च लावली. टॉर्चचा झोत टेबलांवरून फिरला तशी नऊच्या नऊ माणसांनी डोळ्यांवर हात घेतले.

"काऊन जी," शेषराव म्हणाला, "असे अंधारात काऊन बसले तुम्ही सारे?"

कुणीतरी म्हणाले, अंधार कुठे आहे, लाइट तर चालू आहे.

"एक दिवा चालू आहे, मॅडम. तोबी वर जिन्यातला." त्याने टॉर्च खाली धरली. "मले वाटलं, लाइन गेली इथची."

शेषरावकडे बटणांचा जुना फोन होता. त्यावरून सगळे त्याची चेष्टा करत.

प्रांजलीने चाचणीच्या पेटीतून प्रकाशमापक काढला आणि स्वतःच्या टेबलावर ठेवला. चार लक्स. वाचायला निदान तीनशे लागतात, हे या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होते. चाचणीचे फोन जानेवारीपासून त्यांच्याही खिशात होते. आणि फेब्रुवारीत प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावरून तळघरात हलवली गेली होती. वरच्या खिडक्यांमुळे डोळ्यांवर तिरीप येते असा ठराव झाला होता आणि नऊही हात वर झाले होते. ऑफिसच्या बसमध्ये आता सगळे पडदे ओढलेले असत. ते कुणी पहिल्यांदा ओढले हे तिला आठवेना. तिच्या स्वतःच्या बाजूचा पडदा तिनेच ओढला असणार, एवढे मात्र तिला कळत होते.

तीन वाजून अडतीस मिनिटे झाली होती.

चार वाजताचे प्रसारण थांबवायला दोघांची संमती लागे. उमाठ्यांनी खालच्या संगणकावर बटण दाबायचे. मग प्रांजलीच्या मोबाइलवर सहा आकडी संकेत येणार, तो तिने दोन मिनिटांच्या आत मोबाइलवरूनच परत पाठवायचा. रेंज फक्त गच्चीवर होती, नाहीतर फाटकाबाहेर रस्त्यावर. एरवी असली कामे संध्याकाळी घरी निघताना होत.

"बरोबर पावणेचारला मी बटण दाबतो," उमाठे म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी पुस्ती जोडली, "मीच वर आलो असतो. पण हल्ली वर गेलं की डोळ्यांतून पाणी येतं."

चार मजले चढून तिने गच्चीचे दार उघडले आणि जग पांढरे झाले.

डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड आत येत होता. भयंकर ऊन होते. दोन पावले टाकल्यावर तिला आठवले की या गच्चीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आहे, आणि तो आपल्यापासून किती लांब आहे हे आपल्याला दिसत नाही. ती जागच्या जागी खाली बसली. प्राध्यापकांना रस्ता असाच दिसला असेल.

हातातला फोन थरथरला. संकेत आला होता. पडदा तिला काळ्या पाटीसारखा दिसत होता. तिने अंदाजाने पट्टी ओढायचा प्रयत्न केला; ती कुठे आहे तेच कळेना. किती सेकंद गेले असतील, वीस की साठ? शेवटी तिने मे महिन्यात नागपुरात सगळे करतात तेच केले. दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढला, आणि या वेळी फोनही आत घेतला.

आत अंधार झाला. आकडे लख्ख दिसले. तिने ते टाइप करून पाठवले. तीन सत्तेचाळीसला उत्तर आले: प्रसारण रद्द. एकाही फोनवर पाठवलेले नाही.

ती दुपट्ट्याखाली तशीच बसून राहिली. रडू आवरल्यावर तिने तो बाजूला केला आणि डोळे किलकिले करून वाट पाहिली. एक मिनिट, दोन मिनिटे. हळूहळू पाण्याची टाकी दिसली, मग कठडा. तो चार पावलांवर होता. मग तिला आपल्या पायांजवळची फरशी दिसली, आणि तिच्यात काहीतरी चुकल्यासारखे वाटले. फरशीवर तिची सावली नव्हती.

तिने वर पाहिले. आकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करड्या ढगांनी भरले होते. ऊन नव्हतेच.

ती कठड्यापासून अंतर राखून उभी राहिली आणि खाली पाहिले. फाटकासमोरच्या बसथांब्यावर अकरा माणसे उभी होती. कुणाच्या डोक्यावरून दुपट्टा ओढलेला, कुणाच्या टॉवेल. एका बाईने छत्री अगदी खांद्यावर टेकवली होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि हात आत. बस आली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्यांच्यातले एक-दोघे हलले. बसचे सगळे पडदे ओढलेले होते. उन्हाळा संपून दोन महिने झाले होते.

आपली प्रणाली बाहेर गेलेलीच नाही, तिने स्वतःला बजावले. उत्तर तिच्या हातात होते: एकाही फोनवर नाही. मग तिला उमाठ्यांचे वाक्य आठवले: कुठलीही शिकणारी प्रणाली कधी ना कधी इथेच येईल. बॅटरी काय, सगळ्याच कंपन्यांना टिकवायची होती.

फोन पुन्हा थरथरला. बाबांचे नाव असावे असे वाटले. खालची अक्षरे लागेनात. तिने मुद्दाम पट्टीकडे बोट नेले. पण तोवर दुसऱ्या हाताने दुपट्टा पुढे ओढून झाला होता.

आत अक्षरे स्पष्ट होती.

"प्रांजू, सिंधूवहिनींना सांग, खिडक्या उघडू नका. बाहेर फार कडक ऊन आहे."