कोरडे जंतू

माझं काम सरळ आहे. ज्या वस्तूंना उकळती वाफ सोसत नाही, त्या इस्पितळाच्या तळघरातल्या पोलादी पेटीत ठेवायच्या, वायू सोडायचा आणि जंतू मारायचे. मेले की नाही हे कळायला सोबत कागदाची एक पट्टी ठेवायची. तिच्यावर मुद्दाम चिवटातले चिवट जंतू, कवचात झोपलेले. नंतर ती पट्टी जंतू वाढवणाऱ्या पाण्यात टाकायची. पाणी हिरवं राहिलं तर मेले, पिवळं झालं तर जिवंत. एकवीस वर्षं मी हेच करतेय आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

त्या आठवड्यात पाणी दोनदा पिवळं झालं.

तिसऱ्यांदा झालं असतं तर माझी धडगत नव्हती. पेटीत होती दुर्बिणीची नळी, आणि ती शुक्रवारी खडा काढायला माझ्या सासूबाईंच्याच मूत्रपिंडात जायची होती. शुक्रवार चुकला तर मूत्रपिंड हातचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चूक माझीच. पट्ट्या सादळू नयेत म्हणून मी त्या बिस्किटांसारख्या घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवल्या होत्या. फार हुशार ना मी! यंत्रवाल्याने फोनवर माझी खरडपट्टी काढली. इतक्या वाळलेल्या जंतूंना वायू दाद देत नाही म्हणाला, आधी ओल मुरायला हवी. त्यात पेटीत ओलाव्यापुरती कोमट वाफ सोडणारा पाइपच तुंबलेला, आणि स्वारी सोमवारशिवाय उगवणार नव्हती. मी पेटीत ओला स्पंज ठेवून पाहिला. ओलाव्याचा काटा अठ्ठावीसवर ढिम्म. हवा होता पन्नासच्या वर.

सासूबाई वरच्या वॉर्डात दाखल झाल्या होत्या. बुधवारी दुपारी नर्सची नजर चुकवून त्या थेट तळघरात हजर. लपवण्यात अर्थ नव्हता, मी सगळं सांगून टाकलं.

"भिजवल्याशिवाय कडधान्य शिजत नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय तुला."

मग पेटीच्या दारातल्या काचेला नाक लावून त्यांनी 'हाऽ' करून श्वास सोडला आणि काच बाहीने पुसली. माझी कुठलीच काच त्यांना आजवर स्वच्छ दिसलेली नाही.

वाफ पुसली गेली नाही. मी बोट फिरवून पाहिलं. ती आतल्या बाजूला होती.

काटा सरकला. तीस. छत्तीस. दार बंद, कड्या लावलेल्या, रबर नवं कोरं. सासूबाई दोन्ही तळवे दारावर टेकवून उभ्या होत्या. काचेवरचा वाफेचा डाग मोठा होई, आक्रसे, पुन्हा मोठा होई. मी मनात कारणं लावत होते: तापमान, गळती, माझा चष्मा. एकही लागू पडेना. घाबरले, खोटं कशाला बोलू.

"पुरे का?" त्यांनी विचारलं.

काटा बासष्टवर होता.

"पुरे," मी म्हणाले. काय पुरे, ते विचारलं नाही. काम होत होतं ना!

त्या वर गेल्या. मी वायू सोडला.

गुरुवारी पाणी हिरवंगार. मी एकटीच तळघरात नाचले. शुक्रवारी खडा निघाला, मूत्रपिंड वाचलं. संध्याकाळी वॉर्डात गेले तर डॉक्टर खुशीत होते. ताप नाही, दुखणं नाही. या बाई आता कशानेही मरायच्या नाहीत, असं ते हसत म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

खाटेशेजारी बसले. ऑक्सिजनच्या मास्कमधूनही सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. उशी कडक आहे, मुलगा खंगलाय, मी जेवायला घालत नाही. पाव तास झाला, मध्ये कुठे थांबणं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मास्क दर श्वासाला धुरकट होत होता आणि निवळत होता.

सासूबाईंचा मघापासून कोरडा ठणठणीत होता.