गोधडीच्या पोटात

बाब अल बहरीनच्या बाजारात, कापडाच्या दुकानात, फुलाफुलांच्या सुती कापडाचा शेवटचा तुकडा मी उचलला, तर त्याचं दुसरं टोक एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातात!

"मी आधी पाहिला," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी आधी उचलला," मीही इंग्रजीतच सुनावलं.

"खलास, तुमचाच! पण... तुम्हाला गोधडी शिवता येते?"

वसईच्या बाईला हे विचारायचं?

तो वॉरन. अमेरिकेचा, निवृत्त शिक्षक, माझ्यासारखाच जोडीदार गमावलेला. त्याच्या आईनं शिवलेली गोधडी विरली होती, तिच्यावर लावायला त्याला हे कापड हवं होतं. मग दर मंगळवारी तो सनद भागातल्या आमच्या घरी येऊ लागला. सुई तो ओवायचा, टाके मी घालायचे. ओवलेली सुई देताना त्याची बोटं उगाच रेंगाळायची... आणि माझीही.

पाचव्या मंगळवारी तो म्हणाला, "अ‍ॅलिस, शुक्रवारी चर्चमध्ये माझ्याशेजारी बसशील?"

इथं बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिसाही शुक्रवारीच. आणि आमच्या वसईकरांत एका बाकावर बसणं म्हणजे नात्याची दवंडीच! माझी लेक लविना तर आधीच कुरकुरत होती – "मम्मा, लोक बोलतील ना!"

"नको रे... या वयात?" म्हणत मी मान खाली घालून शिवू लागले.

तेवढ्यात बोटांना काहीतरी जाड लागलं. माझ्या आईच्या गोधडीत आजीचं लुगडं असे, बाबांचा सदरा असे. पोटात काय आहे ते बोटांना कळतं. मी शिवण उसवली. आत निळं, राठ कापड. कारखान्यातला डगला. छातीवर धाग्यानं नाव – रूथ.

वॉरननं ते नाव वाचलं. "आई... युद्धात विमानं जोडायची. पुरुष परतले आणि बायकांना घरी पाठवलं. आजी म्हणायची, बाई घरातच शोभते. आई नुसती हसायची. कधी एक शब्द बोलली नाही."

"बोलली नाही. शिवून ठेवला."

"आणि मी तोच पांघरून झोपायचो..." त्यानं डगल्याची घडी सरळ केली. "आता पुन्हा आत घालशील?"

मी नावाचा चौकोन कापला आणि वरच्या फुलांच्या मधोमध लावला.

शेवटचा टाका घालते तोच लविना ऑफिसातून आली. तिला सगळं सांगितलं. ती त्या नावावरून हळूच बोट फिरवत राहिली.

"लविना, शुक्रवारी माझी जागा धरू नकोस. मी वॉरनशेजारी बसणार आहे."

वॉरनच्या हातातून रीळ घरंगळलं. लविनानं ते उचलून त्याच्या हातात दिलं.

"मग लिपस्टिक लाव, मम्मा. नाहीतरी सगळे बघणारच आहेत."

ती चहा टाकायला आत गेली. वॉरन जवळ सरकला.

"यल्ला, चल, अ‍ॅलिस... गोधडी तर झाली. आता पुढच्या मंगळवारी काय?"

मी शिवणाचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"तू आधी सुई ओव."