दशरथचा डबा

टाकीच्या सांध्यांचे एक्स-रे आले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दशरथच्या वेल्डिंगमध्ये बुडबुडे सापडले. टाकीचं तीन दिवसांचं काम रद्द झालं.

“वेल्डिंगच्या रॉडला ओल लागली की असे बुडबुडे येतात,” हडपसरच्या त्या कारखान्याचे मालक रंगनाथशेठ म्हणाले. “यानं ते उघड्यावर टाकले असणार. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर यानं घरी बसावं.”

त्याचसाठी त्यांनी खासगी गुप्तहेर हेमा आणि तिचा सहकारी सलिल यांना बोलावलं होतं.

रॉड कोरडे राहावेत म्हणून स्टोअरमधल्या विजेच्या भट्टीत गरम ठेवतात. स्टोअर उत्तरेश्वरच्या ताब्यात. दशरथनंच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं.

“भट्टी बंद पडली होती?” हेमानं उत्तरेश्वरला विचारलं.

“एक मिनिटही नाही. एकशेवीस डिग्री, वहीत बघा. किल्ली माझ्याकडेच असते. पण दशरथदादांना फार बोलू नका, वय झालंय त्यांचं.”

पोरगा किती सांभाळून घेतोय, या विचारानं दशरथला भरून आलं.

“रॉड गार लागले नाहीत?” हेमानं त्याला विचारलं.

“हातात जाड मोजे असतात, बाई.”

“आणि जेवता कुठे?”

“सकाळी डबा उत्तरेश्वरकडे देतो. तो भट्टीवर ठेवतो, दुपारी गरम मिळतो. ते तीन दिवस मात्र त्यानं हट्टानं मिसळ खायला नेलं. स्वतःच्या ताटलीतली शेवही मला घातली. डबा दिवसभर भट्टीवरच राहिला, संध्याकाळी तसाच घरी गेला. आमची बायको ललिता चिडली, म्हणाली, लोण्याचा गोळासुद्धा जागचा हलला नाही.”

“मिसळीचा आणि टाकीचा काय संबंध?” सलिल वैतागला.

“सगळ्यांना बोलव, सांगते.”

सगळे जमल्यावर हेमा म्हणाली, “एकशेवीस डिग्रीच्या भट्टीवर दिवसभर ठेवलेल्या डब्यात लोणी वितळलं का नाही?”

सलिल तिच्याकडे बघतच राहिला.

“भट्टी गार होती. वहीतले आकडे बसल्या जागी लिहिलेले. श्रावणाच्या दमट हवेत रॉडनी ओल धरली. मोज्यातल्या हाताला ते कळलं नाही, पण गार डब्यानं पहिल्याच दुपारी चुगली केली असती. म्हणून मिसळ. भट्टी आपोआप बिघडली असती, तर उत्तरेश्वर, तुम्ही ओरडून सांगितलं असतं.”

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. “दिवाळीत यांना फोरमन करणार होते. मी काय जन्मभर खिडकीतून रॉडच द्यायचे?”

शेठनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. दशरथची नोकरी वाचली, नावही वाचलं. तो उत्तरेश्वरकडे वळला.

“भट्टी बंद केलीस, ते समजलं,” तो म्हणाला. “पण तुझ्या ताटलीतली शेव मला कशाला घातलीस?”



दशरथनं भट्टीवरचा आपला डबा उचलला. आज तो चांगला गरम होता. त्याला तो उघडावासा वाटला नाही.